शिवानीचे लाल दोरे

शिवानीला मालकांच्या केबिनमध्ये चहा मिळतो, कपबशीत. आम्हाला कागदी कपात, टेबलापाशी उभ्याउभ्या. पहिल्या दिवसापासून माझं पोट तिथंच दुखतं. खोटं कशाला बोलू.

मी शरणम्मा. अक्कलकोट रोडवरच्या टॉवेलच्या कारखान्यात सोळा वर्षं चेकर. टॉवेल पसरायचा, दोन्ही बाजूंनी हात फिरवायचा, डाग किंवा वाकडी शिलाई दिसली की कोपऱ्याला लाल दोरा बांधायचा. दोऱ्याचा टॉवेल पेटीत जात नाही. काम एवढंच.

पहिल्याच महिन्यात मी एका दिवसात चाळीस दोरे बांधले होते. लई हौस. मालक ईश्वरप्पांनी मला गेटजवळ उभं केलं, हातात कात्री दिली आणि सुट्टी होऊन दोनशे माणसं बाहेर पडत असताना चाळीसच्या चाळीस दोरे मलाच कापायला लावले. "हिला चार-चार डोळे फुटलेत," म्हणाले. लोक हसले. आमची सुपरवायझर बनाबाई, तीही हसली. त्या दिवसापासून मी रोज दोन दोरे बांधते. तिसरा खराब टॉवेल लागला तरी हात आपोआप पुढं सरकतो.

आणि ही शिवानी. शहराच्या जुळे सोलापूर भागातून स्कूटीवर येते. येऊन वर्ष झालं, दिवसाला तीस दोरे. मी वाट बघत होते, हिच्या हातात कात्री कधी येते. आलीच नाही. परदेशी गिऱ्हाइकाचा तपासनीस आला तेव्हा मालकांनी त्याला हिचाच ढीग दाखवला. "आमच्याकडे खराब माल पुढं जातच नाही," म्हणाले. दसऱ्याला हिला प्रामाणिक कामगार म्हणून ट्रॉफी. टाळ्या मीही वाजवल्या. माझ्या चाळीस दोऱ्यांत काय कमी होतं? तोच रंग, तेच रीळ.

दिवाळीला बनाबाई निवृत्त होणार होती. तिची खुर्ची मला पाहिजे होती. चेकरला खुर्ची नसते, सुपरवायझरला असते. उभं राहून राहून माझ्या पायाच्या शिरा निळ्या पडल्यात. आणि जो तो म्हणायला लागला, शिवानीच बसणार तिथं.

म्हणून एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत, हॉल रिकामा बघून मी तिच्या ढिगापाशी बसले. गठ्ठ्यात चेकरच्या नंबरची चिठ्ठी जाते. खराब टॉवेल तिच्या चिठ्ठीसकट तपासनिसाला सापडले की ट्रॉफी कुणाला दिली ते कळेल. अकरा दोरे कापून झाले आणि मागं बघते तर आमचे मॅनेजर गुरुराज साहेब.

गेली नोकरी, वाटलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं हे करायला? बनाबाईनं?"

मला काही कळेना.

"रोज संध्याकाळी तीच करते. तपासनिसाला दाखवायचा ढीग सोडून बाकी सगळे दोरे कापते." त्यांनी एक टॉवेल उचलून उजेडात धरला. "हात साफ आहे हो तुमचा. टॉवेलचा एक लूप तुटलेला नाही. बनाबाईच्या मागं कोण, याची मालकांना काळजीच होती. सगळ्यांना सांगता येत नाही ना."

दिवाळीनंतर खुर्ची मला मिळाली.

बसले मी. पाय दुखायचे थांबले, पोट नाही. दिवसभर तिनं बांधायचं, संध्याकाळी मी कापायचं, आणि कपबशी तिलाच.

मग एक दिवस ती मूठ झाकून माझ्याकडं आली. मुठीत लाल दोऱ्यांचे तुकडे, गाठीसकट.

"अक्का, हे चंद्रव्वाला झाडताना सापडले. माझे दोरे कुणीतरी कापतंय."

कात्री माझ्या ड्रॉवरमध्ये होती.

"मालकांना सांगू का?"

नको, म्हणता आलं असतं. तिथं काय होतं ते माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? माहीत होतं म्हणूनच म्हणाले, "सांग की. तुझं ऐकतात. चहा पाजतात."

ती गेली. केबिनच्या काचेतून मी बघत राहिले. सुट्टीला गेटवर कुठं उभं राहिलं म्हणजे नीट दिसेल, तेही ठरवलं.

दहा मिनिटांत परत आली.

"काय म्हणाले?"

"बस, चहा घे, म्हणाले."

"मग?"

"घेतला." ती माझ्या ड्रॉवरकडं बघत होती. "म्हणाले, तू बांधत जा, तुझं काम तेवढंच. पुढचं शरणम्मा बघते."

दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर दोन दोरे होते. पास केलेल्या ढिगात सगळ्यात वर तेलाच्या डागाचा टॉवेल, मला दिसेल असा ठेवलेला.

"दोनच?"

"तुम्ही किती बांधायच्या, अक्का?"

तिनं रजिस्टर पुढं सरकवलं. मी सही केली. तेवढ्यात शिपाई आला, शिवानीताईंना मालकांनी चहाला बोलावलंय. "नको म्हणून सांगा," ती म्हणाली आणि कागदी कप घेऊन टेबलापाशी उभी राहिली, जिथं मी सोळा वर्षं उभी होते.

तेव्हाही मी जळलेच. नको म्हणायला तरी मला कुणी कधी बोलावलं होतं?