पाटावरचा युरोप

मी एक जुना पाट आहे. फणसाच्या लाकडाचा, चांगला जाडजूड, चारी कोपऱ्यांना पितळेची फुलं ठोकलेला. त्यातलं एक फूल कधीच पडून गेलं, पण मी सांगितलं नसतं तर तुम्हाला कळलंही नसतं. मित्रांनो, पाट म्हटलं की तुम्हाला जेवायला बसायचा पाट आठवत असेल. मी तसला नाही. माझ्यावर आजवर फक्त गणपती बसला. आणि हो, या दिवाळीनंतर पॅरिस, झुरिक आणि व्हेनिसही बसले होते! तीच हकीकत सांगायला मी तुम्हाला जवळ बोलावलं आहे.

माझा जन्म रोह्याचा. तिथे भाताच्या गिरणीत काम करणारे जनूभाऊ राहत. त्यांच्या परसातला फणस एका वादळात आडवा झाला. शेजारी म्हणाले, जळणाची सोय झाली. जनूभाऊ म्हणाले, "इतकी वर्सं ह्याचं गरं खाल्लं आनि आता चुलीत घालू व्हय?" त्यांनी सुताराला बोलावलं आणि मी झालो.

आमच्याकडची रीत तुम्हाला सांगायला हवी. ज्याच्या घरी गणपती बसतो, त्याने आपला पाट आधी मूर्तिकाराच्या कारखान्यात नेऊन द्यायचा. पाटाच्या पाठीवर खडूने नाव लिहायचं. चतुर्थीला मूर्ती त्याच पाटावर बसून त्या घरी जाते. एकाचा पाट दुसऱ्याला कोणी देत नाही. कारखान्यात ओळीने शेकडो पाट लागलेले असतात, पण प्रत्येकाला आपलं घर ठाऊक असतं.

जनूभाऊंना मूर्ती पेणजवळच्या जोह्याचीच लागे. रोह्यात मूर्ती मिळत नव्हत्या असं नाही, पण हौसेला मोल नसतं. दर वर्षी ते मला पंच्यात गुंडाळून रोह्याहून गाडीत बसत. नागोठणे, कासू, पेण करत आम्ही हमरापूरला उतरायचो आणि तिथून जोह्याला, हिरामण मूर्तिकाराच्या कारखान्यात. परत येताना मी जनूभाऊंच्या मांडीवर आणि माझ्यावर हातभर उंचीचा गणपती. डब्यातली माणसं उठून जागा द्यायची. जागा गणपतीला असायची, पण रुबाब मी करून घ्यायचो. आगगाडीचा मला तेव्हापासून लळा आहे.

मग एका वर्षी जनूभाऊ गेले. त्या पावसाळ्यात त्यांचा मुलगा प्रणित मला घेऊन आला. त्याने खडू घेतला आणि माझ्या पाठीवर लिहिलं, 'जनू, रोहा'.

हिरामणने विचारलं, "बापाचंच नाव लिवलंस?"

"दुसरं नाव हाताला येत नाही, काका," प्रणित म्हणाला.

तो मूर्ती न्यायला आलाच नाही. परदेशातल्या एका कंपनीतून त्याला अचानक बोलावणं आलं आणि चतुर्थीच्या तोंडावर तो निघून गेला. घाईगडबडीत निरोप द्यायचंही राहिलं. चतुर्थीच्या दिवशी सगळे पाट वाजतगाजत गेले आणि मी एकटा उरलो, माथ्यावर तयार गणपती घेऊन. मला इतकं ओशाळं कधी वाटलं नव्हतं.

हिरामणची बायको वनिता. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी तीच करते. बाकीचं काम कोणीही करो, डोळे वनिताचे. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ह्याला असा कारखान्यात कसा ठेवायचा? आपल्या गनपतीशेजारी बसवू." दीड दिवस मी त्यांच्या घरात होतो. मोदकांचा नैवेद्य झाला, आरती झाली, विसर्जन झालं. आणि मी पुन्हा कारखान्यात आलो, रिकामा.

त्यानंतर वर्षं गेली. कोणी मला न्यायला आलं नाही. दुसऱ्याला द्यायचा नाही आणि टाकायचाही नाही, असा मी अडचणीचा पाहुणा झालो. हळूहळू माझ्यावर शाडूचे गोळे पडू लागले, चहाचे पेले ठेवले जाऊ लागले. मातीचे थरावर थर बसले. चिडलो का? चिडलो. पण वनिताचा एक नेम मला शांत करायचा. दर वर्षी पाट यायला लागले की ती मला उचलून पहिल्या ओळीत लावायची आणि म्हणायची, "औंदा येल तो." चतुर्थी झाली की काही न बोलता परत आत न्यायची.

आता युरोपकडे वळू या.

हिरामण-वनिताची मुलगी स्वप्नाली व्हिएन्नाला एका रुग्णालयात नर्स आहे. या दिवाळीत तिचा फोन आला. नाताळानंतर तिला सुट्टी होती, आणि तेव्हा जोह्यातही कामाची घाई नसते. तेव्हा आईबाबांनी यावं, आठवडाभर आगगाडीने चारदोन शहरं पाहावीत, असं तिने ठरवलं होतं. शहरांची नावं तिने पाठवली आणि सांगितलं, "तुम्ही निवडा, मी तिकिटं काढते."

हिरामणला स्वस्थ बसवेना. हाताशी शाडू होता आणि समोर मी होतो. प्रत्येक शहराचं त्याने एक चिन्ह घडवलं. पॅरिसचा मनोरा, व्हेनिसची होडी, झुरिकचं घड्याळ, व्हिएन्नाचा फिरता पाळणा, लिंत्सचा पूल, साल्झबर्गचा किल्ला. मनोरा तर असा नाजूक जमला होता की मला श्वास घ्यायचीही भीती वाटावी. मग त्याने सगळी शहरं माझ्यावर मांडली, फोनचा कॅमेरा सुरू केला आणि पुढून मागे बोट फिरवत लेकीला प्रवास समजावला.

स्वप्नाली हसत सुटली. "बाबा, हा नकाशा आहे की आपलं दुकान?"

झालं होतं असं, की हिरामणने सवयीने लहान चिन्हं पुढे आणि मोठी मागे लावली होती. गिऱ्हाइकाला सगळं दिसावं म्हणून दुकानात मूर्ती तशाच लावतात. पण त्या हिशेबाने गेलं, तर गाडी बेडकासारखी उड्या मारत सगळा युरोप आडवातिडवा तुडवणार होती.

"असं गेलो तर सुट्टी गाडीतच संपेल," स्वप्नाली म्हणाली.

"मंग काय झालं? गाडीतच बसायला येतोय ना!" हिरामण म्हणाला. त्याचं मला अगदी पटलं.

शहरं नीट लावली तरी भांडण मिटेना. हिरामणला सगळीच हवी होती, त्यातही पॅरिस आधी. वनिता म्हणे, इतकी नकोत. बाजारात तुरी म्हणतात तसं, अजून तिकीट नाही की काही नाही, आणि दोघं माझ्या दोन बाजूंना बसून मनोरा इकडून तिकडे ढकलत होते.

एकदा फोनवर बोलता बोलता स्वप्नाली सहज म्हणाली, "आई, इथल्या दिवाळीच्या कार्यक्रमाला आपल्या रोह्याचा एक जण भेटला. प्रागला असतो. बायको आणि ऋतुजा नावाची छोटी मुलगी होती बरोबर. मी जोह्याची म्हटल्यावर विषयच बदलला त्याने. प्रणित नाव."

वनिताच्या हातातला शाडूचा गोळा तसाच राहिला. "जनूभाऊंचा प्रनित?"

मित्रांनो, लाकडाला काळीज नसतं असं म्हणणाऱ्याला त्या वेळी माझ्याजवळ आणून बसवायला हवं होतं.

वनिताने दुसरा एक साधा गोळा केला आणि माझ्या कडेला ठेवला. "हा प्राग. हितं जायचं. आनि पाट घेऊन जायचा."

"आगो, पाट? इमानातून?" हिरामण उडालाच. "नाकापेक्षा मोती जड! बॅगेत माझं सोडे, लोनचं, स्वेटर कुठं जातील? आनि प्राग घेतलं तर पॅरिस ऱ्हातंय."

"ऱ्हाऊ दे."

"आयुष्यात एकदा चाललोय गो मी."

हे तो रागाने म्हणाला नाही. म्हणूनच वनिताने मनोरा उचलून पुन्हा मध्यभागी ठेवला. मलाही वाईट वाटलं. माझ्यामुळे एका माणसाचा मनोरा हुकत होता. मी मनात म्हटलं, राहू द्या, मी इथे बरा आहे. पण ते खोटं होतं. मला जायचं होतं.

शेवटी वनिता म्हणाली, "अवो, तुमीच शिकवलंत ना मला, पयला हात सुकल्याबिगर दुसरा मारायचा नाय. नायतर रंग काय होतो?"

"चिखल," हिरामण पुटपुटला.

"मंग गावांचं पन तसंच हाय. एक गाव मनात सुकू द्यायचं, मंग दुसरं. सकाळी एक आनि सांजच्याला एक केलं तर घरी येऊन काय सांगाल? चिखल." आणि हळूच म्हणाली, "त्या पोराचं घर अजून बसलं नाय. पाट हितं हाय तवर नाय बसायचं."

हिरामणने मनोऱ्याच्या टोकावरून एकदा बोट फिरवलं. मग त्याने तो उचलला, पाण्यात भिजवला आणि तळहातात दाबून त्याचा गोळा केला. "मनोरा काय, आपल्या हातात हाय. कवा पन करू." व्हेनिस आणि झुरिकही त्या गोळ्यात गेले. माझ्यावर उरली व्हिएन्ना, साल्झबर्ग, लिंत्स आणि प्राग, एका ओळीत, मोकळी मोकळी. शेवटचं स्टेशन प्राग.

स्वप्नालीने पाटाला होकार दिला, पण एका अटीवर. मातीचा कणही लागलेला नको, पाट लख्ख धुऊन आणा, नाहीतर विमानतळावर अडवतील. वनिताने मला अंगणात नेलं आणि नारळाच्या काथ्याने घासायला घेतलं. इतक्या वर्षांची माती निघाली आणि खालून माझा पिवळा फणसाचा रंग वर आला. मी स्वतःलाच ओळखलं नाही.

मग तिने मला उलटं केलं आणि तिचा हात थांबला. पाठीवर खडूतलं नाव होतं. ओलं फडकं फिरलं असतं तर गेलं असतं.

ती आत गेली आणि डोळ्यांच्या आखणीचा बारीक कुंचला घेऊन आली. त्या कुंचल्याने तिने आजवर डोळ्यांखेरीज काही रंगवलं नव्हतं. खडूच्या एकेका रेघेवरून तिने काळा रंग फिरवला. प्रणितचा 'ज' जरा वाकडा होता, तोही तसाच वाकडा ठेवला. रंग पुरता सुकल्यावरच तिने पाठ धुतली. नाव राहिलं.

मग स्वप्नालीने दिलेल्या नंबरवर तिने फोन लावला आणि मला कॅमेऱ्यासमोर उलटं धरलं.

पलीकडे प्रणित होता. त्याने फोन डोळ्यांजवळ नेऊन नाव वाचलं. मग म्हणाला, "काकी, मला वाटलं तुम्ही जाळला असेल. तोंड दाखवायची लाज वाटत होती मला. बाबांचा गणपती मी तसाच सोडून आलो."

"सोडून कुठं आलास? आमच्याकडं दीड दिस बसला तो. मोदक खाऊन, आरती घेऊन गेला. तुज्या नावाचं गाऱ्हानंपन घातलं मी. कुनाचा गनपती कवा उपाशी ऱ्हातो का रं?"

प्रणितने डोळ्यांवर हात घेतला. मागून ऋतुजा डोकावली आणि तिने हे काय आहे म्हणून विचारलं. त्याने तिला जवळ घेऊन सांगितलं, "हे आजोबांचं नाव. आपला गणपती यावर बसतो." 'बसायचा' म्हणाला नाही तो. 'बसतो' म्हणाला. मी नीट ऐकलं.

"कुठल्या गाडीने येताय, काकी? मी स्टेशनवर येतो. पाट बॅगेत टाका आणि निवांत बसा."

"इमानात टाकीन बॅगेत," वनिता म्हणाली. "पन आगगाडीत मांडीवरच घेनार. त्याला तशीच सवय हाय."

तर मित्रांनो, आता मी पंच्यात गुंडाळलेला, हिरामणच्या स्वेटरांमध्ये पडून आहे. सुक्या कोलंबीच्या सोड्यांचा वास येतो आहे, पण माझी काही तक्रार नाही. तिथे बर्फ असतं म्हणे. असू दे, फणसाला थंडीने काही होत नाही.

जाता जाता एक मागणं आहे. तुमच्या घरात माळ्यावर किंवा पलंगाखाली एखादी जुनी वस्तू असेल, धुळीने भरलेली, कोणाच्याच कामाची नसलेली. ती फेकू नका असं मी म्हणत नाही. फक्त फेकण्याआधी ती एकदा उलटी करा. मागे कोणाचं नाव असेल तर त्याला फोन करा. कदाचित तोही लाजून गप्प बसला असेल, आणि कोणीतरी हाक मारायची वाट पाहत असेल.