दोनदा आलेला शुक्रवार

मी बोलतोय, सत्तेचाळीस सालचं कॅलेंडर. एका वर्षाचं आयुष्य घेऊन आलो होतो, नशिबी दोन वर्षं आली. दुसरं नसतं आलं तर बरं झालं असतं.

टेंभी नाक्यावरच्या किराणा दुकानदाराने मला त्र्यंबकरावांच्या हातात फुकट ठेवलं. त्र्यंबकराव कचेरीत कारकून. तारीख-वार तोंडपाठ असल्याचा भारी अभिमान, तरी दिवसातून चारदा माझ्यापुढे येऊन उभे राहायचे. मला हसू यायचं.

त्यांच्या लेकीचं, उत्तराचं, नुकतंच लग्न झालं होतं. जावई गुरुदत्त लाहोरला नोकरीला. पाडव्याला आले तेव्हा म्हणाले, "तिकडचं काही खरं नाही. जूनमध्ये रजा मिळतेय. येतो, इकडेच नोकरी बघतो."

"जूनमध्ये? छे छे!" त्र्यंबकरावांनी माझी पानं भराभर उलटली. "यंदा श्रावण अधिक आहे, जावईबापू. लग्नानंतरचा पहिलाच अधिक. अनारशांचं वाण घ्यायला तुम्ही नकोत? आठ ऑगस्ट, शुक्रवार. रजा तेव्हाच घ्या."

सासऱ्यांचा शब्द मोडायचा कसा? जावयाने मान डोलावली.

त्या शुक्रवारी उत्तराच्या आईने, वासंतीबाईंनी, तेहतीस अनारसे तळून ताट मांडलं. गुरुदत्त आले नाहीत. पुढच्या शुक्रवारी नाक्यावर झेंडे लागले, पेढे वाटले. या घरात कुणाच्या घशाखाली पेढा उतरला नाही. कल्याणच्या छावणीत तिकडून सुटून आलेली माणसं होती. त्र्यंबकराव त्यांना विचारून आले. कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

वर्ष संपलं, पण मला रद्दीत घालायला कुणाचा हात धजला नाही. बिऱ्हाड डोंबिवलीला आलं, मी ट्रंकेच्या तळाशी. उत्तरा शाळेत शिकवू लागली. कुंकू लावायची, दार वाजलं की आधी तीच उठायची. त्र्यंबकरावांचं मन मात्र हळूहळू थाऱ्यावर राहीनासं झालं.

अठ्ठावन्न साल लागलं. त्यांनी मला शोधून काढलं आणि नव्या कॅलेंडरशेजारी धरलं.

"उत्तरा, हे बघ! एक जानेवारी, इथे बुधवार, तिथेही बुधवार. पंधरा ऑगस्ट शुक्रवार, तिथेही शुक्रवार. अधिकसुद्धा श्रावणच!"

नवं काढून मलाच खिळ्याला लावलं. आकडे जुळले म्हणून गेलेले दिवस परत येत नाहीत, हे मी त्यांना कसं सांगणार?

जून लागला तसे ते रोज कोट-टोपी चढवून निघायचे.

"कुठे, अप्पा?"

"तार करायला. वाण-बिण काही नको, आत्ताच या म्हणून कळवतो."

उत्तरा हाताला धरून त्यांना आत आणायची.

आठ ऑगस्ट उजाडला. अप्पांच्या हट्टापायी वासंतीबाईंनी रडत रडत अनारसे तळले. अप्पा दिवसभर उपाशी, दाराकडे डोळे लावून. दिवेलागणीला त्यांचा बांध फुटला. "मीच अडवलं गं त्यांना. मीच."

उत्तरा समोर बसली. तिने एक अनारसा मोडला.

"अप्पा, ते जूनमध्येच नाही का आले? तुमची तार पोचली होती."

"आले होते?"

"महिनाभर राहिले की. तुम्ही विसरलात. घ्या, खा आता."

अप्पांनी तोंड उघडलं. खाऊन झाल्यावर किती तरी वर्षांनी शांत झोपले.

मग उत्तराने मला उतरवून बंबाशेजारी ठेवलं आणि मोरीत तोंड धुवायला गेली. बराच वेळ झाला, पाण्याचा आवाज थांबत नाही. सकाळी बंब पेटवताना माझाच कागद घ्या, एवढंच मागणं आहे. ऑगस्टचं पान आधी घाला.