पुस्तकात नसलेला पक्षी

"जावईबापू, धावा! परसात नवाच पक्षी आलाय!"

रंगारी अर्धी दाढी तशीच ठेवून धावला. सासूबाई गेल्यापासून सासऱ्यांच्या तोंडून 'हो' आणि 'नको' यापलीकडे शब्द फुटत नव्हता. तारेवर दाण्याची थाळी टांगायची आणि पाखरं बघत बसायचं, एवढाच त्यांचा उद्योग. आज मात्र स्वारी पक्ष्यांच्या पुस्तकाची पानं भराभर उलटत होती.

"पोट पोपटी, शेपूट पोपटी, डोकं मातकट. अहो, पुस्तकात नाहीच हा!"

रंगाऱ्याने जवळ जाऊन पाहिलं. तो पोपटी त्याचाच होता. काल पडद्यांचं कापड रंगवून उरलेला रंग त्याने घमेल्यात उघडाच टाकला होता. झाकायचा कंटाळा, दुसरं काय! ही साधी चिमणी त्यात न्हाऊन आली होती. दाणे टिपत नव्हती, पिसं फुगवून थाळीच्या कडेला नुसती बसून होती. त्या रंगात काय काय असतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

तिला लगेच धुवायला हवं होतं. पण चिमणी म्हटलं की घमेल्याचंही सांगावं लागणार. तो उरलेली दाढी करायला आत गेला.

दुपारी सासऱ्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. "बाबा आज पोटभर जेवले," बायको डोळे पुसत म्हणाली. आता कोणत्या तोंडाने सांगायचं?

हात धुऊन सगळे परसात आले, तर पाखरू थाळीखाली पडलेलं.

"बाबा, ती चिमणी आहे," रंगारी एकदाचा बोलला. "माझ्या रंगात भिजलीय. घमेलं मीच उघडं टाकलं."

सासऱ्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं, कोमट पाणी मागवलं आणि तिला ओंजळीत धरून हलक्या हाताने धुतलं. पोपटी पाणी वाहून गेलं, खालची तपकिरी पिसं दिसू लागली. तेवढ्यात तिने मान टाकली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"सकाळीच. पण तुम्ही इतके खुशीत होतात, बाबा..."

सासऱ्यांनी ओंजळ मिटली नाही.

"मला चिमणीसुद्धा चालली असती, जावईबापू," ते म्हणाले.