खंडेनवमीनंतर

"माणसं तुम्ही तोडलीत साहेब, मी नव्हे."

टेबलाखाली गुडघ्यावर बसून, कॉम्प्युटरमागची वायर ओढता ओढता नृसिंह पुटपुटला. साहेब त्या वेळी वरच्या मजल्यावर चहा पीत होते. असली वाक्यं साहेब ऐकत नसतानाच नीट जमतात.

वायरीच्या टोकाचा गोल प्लग त्यानं उपसून काढला, उजेडात धरला. एकही पिन वाकलेली नव्हती. फुंकर मारून प्लग परत बसवला, यंत्र बंद केलं, जरा दम खाऊ दिला आणि चालू केलं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत सकाळपासूनचं तेच इंग्रजी वाक्य उमटलं. कीबोर्ड सापडत नाही. पुढं जायचं तर कळ दाबा.

कीबोर्ड तर पुढ्यात धडधडीत पडला होता.

"कुठली दाबू, बाबा?" तो म्हणाला. "माझा हात तरी दिसतोय का तुला?"

सूतगिरणीच्या या लक्ष्मीपुरीतल्या ऑफिसात गेल्या सालापर्यंत चार टायपिस्ट एका खोलीत बसत. चार मशिनींचा असा दणका उठायचा, की खालचा पानवाला ओरडायचा, "वर गारा पडायल्यात काय?" मग कॉम्प्युटर आला. साहेबांनी चौघांतनं नृसिंहाला उचललं, पुण्याला शिकायला धाडलं आणि काचेच्या गार खोलीत आणून बसवलं. हंबीररावाची बदली पेठ वडगावच्या गोदामावर झाली. शालूबाईंना आवक-जावकला टाकलं. आकाराम जिन्याखाली एका मशिनीवर उरलासुरला मजकूर बडवत राहिला; दिवाळीनंतर तीही जाणार होती. फितूर कोण, हे ठरवायला कुणाला पंचांग बघावं लागलं नाही. माणसं फोडायला साहेबलोकांना काठी लागत नाही. एकाला खुर्ची द्यायची, बास.

धुळीमुळं चपला त्या खोलीच्या दाराबाहेर काढायच्या. वर्षभर तिथं एकच जोड होता. डबा तो काचेआड एकटाच खायचा. बाहेरची माणसं हसताना दिसायची. ऐकू काही यायचं नाही.

पण परवा, खंडेनवमीला, आकाराम आपल्या पायानं आला. कामाच्या हत्यारांची पूजा त्या दिवशी सगळीकडंच असते. मागं शालूबाई होत्या, वडगावहून आलेला हंबीरराव होता.

"काय रं नरसू, तुझ्या ह्या ध्यानाला हळदकुंकू चालतंय का, का बाटतंय?" आकारामनं दारातनंच विचारलं.

शालूबाईंनी पडद्याच्या कडेला कुंकवाचं बोट टेकवलं. हंबीररावानं नारळ बाहेर पायरीवर फोडला. नृसिंह पेढे आणायला जिना उतरून पळाला. चाळिशीतला माणूस, पोरागत पळाला. पुडा घेऊन वर आला तर आकारामनं पाठीत थाप घातली.

"तुला काय आम्ही इसरलो न्हाय गड्या."

त्या संध्याकाळी तो घरी जायच्या आधी उगीचच पंचगंगेच्या पुलापर्यंत सायकल मारून आला.

आणि दसऱ्याची सुट्टी संपवून आज यंत्र चालू केलं, तर हे असं.

दुपारी एकदाचा पुण्याच्या कंपनीचा ट्रंक कॉल लागला.

"कीबोर्डच्या पोटाशी एक खटका आहे, तो सरकलाय का?" पलीकडचा माणूस विचारत होता.

"न्हाय, जागच्या जागी हाय."

"काही सांडलंय?"

"नारळ फोडलता. पण तो बाहेर, पायरीवर."

"मग उघडून बघा. काहीतरी शिरलंच असणार."

नृसिंहानं कीबोर्ड पालथा घातला, स्क्रू काढले, झाकण उचललं. कळांच्या खाली तांबूस, चिकट थर पसरला होता. बोट टेकवून उचललं तर तार सुटली. वास नाकात गेला आणि हात तसाच हवेत राहिला.

काकवी.

त्यानं बोट जिभेला लावलं. मागनं आल्याचा तिखटपणा आला. मुरगूडला आकारामच्या थोरल्या भावाचं गुऱ्हाळ. आलं ठेचून घातलेली काकवी तिथंच होते. दरसाल बाटली भरून आकाराम ती आणायचा, टेबलावर आपटायचा, म्हणायचा, "भाकरीसंगं खा, भटा, अंगाला लागंल." यंदा आली नव्हती. मागायचं तोंड नृसिंहाला उरलं नव्हतं.

पूजेला काकवी कोण आणतं?

तो उठून स्पिरिट घेऊन आला. मग कापसाचे बोळे स्पिरिटमध्ये बुडवून एकेक कळ पुसत सुटला. झाकण बसवलं, प्लग लावला, यंत्र चालू केलं. कीबोर्डवरचे तीन बारके दिवे लुकलुकले. पडदा मुकाट पुढं सरकला. नृसिंहानं मान वर करून काचेबाहेर बघितलं. सांगावं असं तिथं कोण नव्हतं.

साहेब आले. बुटासकट आत आले.

"झालं का चालू? काय होतं?"

"नारळाचं पाणी गेलतं, साहेब."

"फोडला कुणी?"

"मी."

"तुम्ही? आणि आत कोण कोण होतं? नावं सांगा. एकेकाला घरी बसवतो."

"इथं कोण येतंय, साहेब?" नृसिंह म्हणाला.

साहेबांनी त्याच्याकडं रोखून बघितलं. "पुन्हा असं झालं तर तुम्हालाही जिन्याखाली नेऊन बसवीन."

धमकीच होती ती. नृसिंहाला मात्र घटकाभर कुणी जेवायला बोलावल्यासारखं वाटलं.

साहेब गेल्यावर तो चपला न घालताच जिना उतरला. आकाराम पाठमोरा टाइप करत होता. पावलं ऐकूनही त्यानं मान वळवली नाही.

"काय पावणं, वाट चुकला?"

"चालू झाली मशीन."

आकारामची बोटं कळांवर थांबली. "आन् नाव कुणाचं दिलंस?"

"माझं."

मशिनीतला कागद पंख्याच्या वाऱ्यानं फडफडला. आकारामनं तो नीट केला. नीटच होता, तरी केला.

"मग आता काय पायजे तुला? पाया पडू?"

"न्हाय." नृसिंह बाकाच्या कडेला टेकला. आवाज चढायला लागला तसा त्यानं तो आवरला. "साहेबाला मी काय विचारणार? त्याला उत्तर द्यायची सवयच न्हाय. तुला विचारतोय. मुरगुडातनं निघालास तवा ती काकवीची बाटली मला द्यायला घेतलीवतीस, का मशिनीत वतायला? एवढंच सांग आकाराम. इकडं बघून सांग."