जोडीनं उतरायचं

मोठा पाखट मासा पोहायचा कधी थांबत नाही; थांबला तर गुदमरतो.

नांदेडची शाळा, सातवी ते दहावी.

पाण्याखाली अंगठा वर केला की 'छान' नाही, 'मला वर न्या'.

नववा रकाना: आडवी रेघ.

लक्षद्वीप, माणसं दोन, फेब्रुवारी.

हे सगळं श्रीनिवासच्या एकाच वहीत होतं. वही पुढून राज्याच्या वाटणीची, मागून सहलीची. तो आणि सुनीता दोघंही सरकारी नोकरीत, फक्त खाती वेगळी. तेलंगण वेगळं निघाल्यावर कोण इथं राहणार आणि कोण आंध्राकडे जाणार, याचे अर्ज आले. दोघांचेही श्रीनिवासनंच भरले. घरात कागद लिहायचं काम त्याचं. वडिलांनी अक्षर दिलं होतं आणि एक शिस्तही: सरकारी कागदावर नातं सांगून काही मागायचं नाही.

त्याच वर्षी दोघांनी बुडी मारायला शिकायचं ठरवलं. दर रविवारी सिकंदराबादच्या पोहण्याच्या तलावावर पाठीला हवेचं नळकांडं बांधून तळाशी बसायचं. श्रीनिवास खुशीत अंगठा वर करायचा आणि शिकवणारा त्याला दंडाला धरून वर काढायचा.

"अहो, छान म्हणायला बोटांचं कडं करा, कडं," सुनीता हसून हसून खोकायची. "घरात आंघोळीला टँकरचं पाणी, आणि निघालेत समुद्राच्या तळाला कासवं बघायला!"

डिसेंबरात यादी लागली. श्रीनिवास तेलंगणात. सुनीता आंध्राकडे, विजयवाड्याला.

तिचं माहेर इथलंच, अफझलगंजचं, चार पिढ्यांपासून. पण मुलीचं मराठी बिघडू नये म्हणून वडिलांनी तिला चार वर्षं मामाकडे नांदेडला शिकायला ठेवलं. नियम बघतो ती तीच वर्षं. कागदावर ती तेलंगणाबाहेरची ठरली.

"मराठी सुधारलं माझं," ती ताटं मांडत म्हणाली. "आता तेलुगूही सुधारेल." मग हात थांबला. "पण नवराबायकोला एकत्र ठेवतात म्हणे. आमच्या ऑफिसातल्या मालनबाईंचं झालं. तुम्ही लिहिलं होतं ना तसं?"

"हौ," श्रीनिवास म्हणाला. "लिहिलं होतं."

"मग?"

"नसेल बघितलं कुणी."

तिनं वरण वाढलं. त्याच्या कानात तळाशी बसल्यावर येतो तसा दाब आला. शिकवल्याप्रमाणे त्यानं आवंढा गिळला. कान उघडला नाही.

"हजर व्हायची तारीख आठ फेब्रुवारी," ती म्हणाली. "सहलीतलीच. तुम्ही जाऊन या."

"एकट्याला उतरू देत नाहीत. जोडीनंच उतरायचं."

"मग देतील कुणीतरी जोडीला. जेवा."

जेवण झालं. ती बॅग काढायला माळ्याकडे गेली. स्टूल धरायला तो उठला नाही. त्यानं बुडीवाल्यांचा अर्ज पुढे ओढला. जोडीदाराचं नाव: सुनीता. नातं: पत्नी. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. आतून खजील वाटेल म्हणून तो थोडा वेळ थांबला. काहीच वाटलं नाही. वरून बॅग पडल्याचा आवाज झाला.

"लागलं का गं?"

"नाही."

जूनमध्ये सुनीताच्या अर्जातल्या नवव्या रकान्यात 'पती सरकारी नोकरीत असल्यास नाव व खाते' असं छापलेलं होतं, आणि श्रीनिवासनं तिथं पट्टी लावून रेघ ओढली होती.