एसेनकुलचे पाच विद्यार्थी

नारिन शहरातल्या विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवायला आता एकटा एसेनकुल उरला होता. घरीही तीच गत. बायको वारली होती, मुलगा मॉस्कोत कामाला. त्यात विभागप्रमुख गुलबार्चिनने सांगून टाकलं होतं, शुक्रवारपर्यंत पाच जणांनी विषय घेतला नाही तर तो बंद.

"इतिहासवाल्यांकडे जुने खान राजे आहेत, अर्थशास्त्रवाल्यांकडे बँकेतल्या नोकऱ्या, समाजशास्त्रवाल्यांकडे परदेशी प्रकल्प. तुमच्याकडे काय आहे, आगाय?" तिथे मास्तरांना आगाय म्हणतात.

"ही सगळी मंडळी भांडतात कशावरून, ते माझ्याकडे आहे."

"ते तर बाजारात फुकट बघायला मिळतं!" ती हसली. तोही हसला, पण मनातून खचला.

रात्री गावाहून चुलतभाऊ तोलोगोनचा फोन आला, तेव्हा न राहवून त्याने सगळं बोलून टाकलं.

आणि शुक्रवारी चक्क पाच नावं आली! एसेनकुलला आभाळ ठेंगणं झालं. पोरं भेटायला आली तेव्हा त्याने कौतुकाने प्रत्येकाला गाव विचारलं. सगळी त्याच्याच गावची, त्याच्याच कुळातली निघाली.

त्याचा चेहरा उतरला. माणसं आपल्या कुळाकडे बघून मत देतात तोवर ती निवडणूक नाही, नुसती शिरगणती आहे, हे त्याने आयुष्यभर घसा कोरडा करून शिकवलं होतं.

"नुरपेरी, हा विषय का घेतलास?" त्याने पुढ्यातल्या मुलीला विचारलं.

"तोलोगोन आबांनी सांगितलं. म्हणाले, आपला माणूस आहे, त्याची खुर्ची जाता कामा नये."

"आणि तुला काय शिकायचं होतं?"

"समाजशास्त्र."

नावं परत करायला हवी होती. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर त्याने त्याला फाडून खाल्लं असतं. पण विषय गेला की दिवसभर घरात भिंतींकडे बघत बसायचं. त्याने नावं राहू दिली. स्वतःची लाज वाटली, तरी राहू दिली.

पोरं निघाली. दारातून नुरपेरी मागे वळली.

"आगाय, तासाला यावं लागेल का? आबा म्हणाले होते, नुसतं नाव दिलं की झालं."

बाकीचेही आशेने थांबले.

"सोमवारी तेवढं या रे," तो म्हणाला. "शिकवणार नाही मी. चहा करीन."