सपाट यादी

प्रसूतिगृहाला आग लागली, सगळी माणसं वाचली, पण धावपळीत बाळंतिणी एका इमारतीत गेल्या आणि बाळं दुसरीत. कोणतं बाळ कोणाचं, हे फक्त आमच्या कॉम्प्युटरला ठाऊक होतं. वॉर्डच्या आत खोली, खोलीच्या आत आईचं नाव, त्याखाली बाळाच्या पायातल्या पट्टीचा नंबर. अ‍ॅरेच्या आत अ‍ॅरे, म्हणजे यादीच्या पोटात यादी. सगळ्यांना हलवलं त्या नव्या इस्पितळाच्या मशीनला मात्र एकच सरळ यादी हवी होती.

"मूळ प्रत राहू दे हं," हेडनर्स म्हणाल्या.

"माझं काम मला कळतं," मी फटकन बोललो. बारा वर्षं हेच करतोय, नाकावर माशी बसू देत नाही. एकेका कप्प्यात शिरून परत येताना जुनं मशीन धापा टाकत होतं. म्हणून मी शेवटाकडून एकेक उचलत, उचललेलं मूळ प्रतीतून पुसत, नवी यादी लिहीत गेलो. चार सेकंदांत काम फत्ते.

पहिल्यांदा आली ती एका बाळंतिणीची थोरली बहीण. धाकटी अजून शुद्धीवर नव्हती. बाळ छातीशी ठेवून बघू, कदाचित डोळे उघडेल, असं डॉक्टर म्हणाले होते. मी धाकटीचं नाव शोधलं आणि खालचा नंबर लिहून दिला.

"जा ताई. चौदा नंबर."

ती गेल्यावर सहज यादी वर सरकवली. पहिल्याच ओळीत नंबर, त्याच्या वर कोणी आईच नाही. शेवटाकडून उचलल्यामुळे यादी उलटी झाली होती आणि ती सुलटी करायला मी विसरलो होतो. बाळ आईच्या खाली नव्हतं, वर होतं. धाकटीच्या वर नऊ नंबर होता.

हेडनर्सना फोन करून मी धावत सुटलो.

पोचलो तेव्हा धाकटीचे डोळे उघडे होते. चौदा नंबर तिच्या छातीवर झोपला होता, तिचं बोट त्याच्या मुठीत.

"बघा, आईला कळतंच," थोरली रडत म्हणाली.

हेडनर्स नऊ नंबरला घेऊन दारात आल्या. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"ताई, चूक माझी आहे," मी म्हणालो. "हे बाळ..."

धाकटीने माझ्याकडे पाहिलं, मग दारात पाहिलं, आणि दोन्ही हातांनी छातीवरचं बाळ झाकून घेतलं.